आठाने भागलेला तास

माउके बेटावर गणित फक्त आपल्यालाच येतं, असं आकाईतीचं ठाम मत होतं. शाळेत पहिली आल्यापासून तर ते इतकं पक्कं झालं होतं, की कोणी विचारलं नाही तरी ती सांगायची.

त्यामुळे मंगळवारचं विमान रद्द झालं, गाण्याची कॅसेट मुख्य बेटावर, रारोटोंगाला, जायची कशी म्हणून तुआइने आंटी डोक्याला हात लावून बसल्या, तेव्हा उठून उभी राहिली ती आकाईतीच. ऑगस्टच्या उत्सवात गाणारे संघ त्याच दुपारी निवडले जाणार होते. आंटींच्या संघातल्या बावीस जणांनी तीन महिने घसा फोडफोडून एक इमेने, म्हणजे बेटावरचं समूहगान, बसवलं होतं. ते वेळेत पोचलं नाही, तर सगळा संघ घरी बसणार होता.

"आंटी, एवढं काय त्यात? गाणं शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये भरू आणि टेलिफोन केंद्रातून पाठवून देऊ."

"अगं, पण बाराला वीज जाते ना!"

"रोजच जाते. म्हणून तर अकराला सुरू करायचं." आकाईतीने वहीचं मागचं पान उघडलं. "लाइनवरून सेकंदाला नऊ हजार सहाशे बिट जातात. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला बाराशे बाइट. पाठवायचेत चाळीस लाख. पंचावन्न मिनिटं आणि वर थोडे सेकंद. उरलेल्या वेळात एक शहाळं पिऊन होईल माझं!"

आंटींना यातलं फक्त शहाळं कळलं. पण पोरगी इतक्या जोरात बोलत होती, की त्यांना धीर आला.

आता, चाळीस लाखांतले गाण्याचे होते तेवीस लाख. बाकीचे सतरा लाख आकाईतीचे. प्रस्तावनेशिवाय गाणं पाठवणं बरं दिसत नाही, असं तिचं तिनेच ठरवलं होतं. अडीच मिनिटांच्या त्या भाषणात बेटाचा इतिहास होता, संघाचं कौतुक होतं आणि "ही सारी व्यवस्था करणारी आकाईती" दोनदा होती. भाषणाची फाइल आधी, गाण्याची नंतर, असा क्रमही तिनेच लावला. प्रस्तावना कधी शेवटी असते का?

कॉम्प्युटर हातगाडीवर उशी घालून केंद्रात आणला. तिथे पापा तेरेपाई होते. अख्ख्या बेटाचे पापा, आणि तेवीस वर्षं त्या यंत्रांच्या संगतीत घालवलेले. त्यांनी वहीचं पान हातात घेतलं, चष्मा वर केला आणि तोंड उघडलं.

"पापा, हे सगळं मी शाळेत शिकलेय," आकाईती म्हणाली.

पापांनी तोंड मिटलं.

बरोबर अकराला मॉडेम किंचाळलं, आकडे पळू लागले. बाहेरच्या ओट्यावर सगळा संघ येऊन बसला. आकाईती दर दोन मिनिटांनी दारात जाऊन "चाललंय, चाललंय" असं राणीसारखा हात हलवून सांगत होती.

सव्वा अकराला तिने हिशोब ताडून पाहिला. पावणेअकरा लाखांच्या वर बाइट जायला हवे होते. पडद्यावर साडेआठ लाखांच्या थोडे पुढे.

"पापा, तुमची लाइन खराब आहे!"

"लाइन ठणठणीत आहे."

"मग मॉडेम म्हातारं झालंय."

"म्हातारं आहे, पण आळशी नाही. अगं, प्रत्येक बाइटच्या पुढे एक बिट चालतो, 'आलो आलो' करत. मागून एक येतो, 'झालं झालं' करत. आठ आणि दोन किती?"

"...दहा."

"या लाइनवर दहाने भागतात, बाई."

"मग सांगितलं का नाही?"

"तोंड उघडलं होतं. तू शाळेत शिकली होतीस."

आकाईतीने पुन्हा भागाकार केला. सेकंदाला नऊशे साठ. सगळं जायला एकोणसत्तर मिनिटं. नुसत्या गाण्याला चाळीस. घड्याळात अकरा सतरा.

इथे एक गोष्ट लपवता आली असती तर बरं झालं असतं. चारेक सेकंद आकाईतीच्या मनात खरोखर आलं, की गाण्याचं शेवटचं कडवं कापलं तर? भाषण किती छान झालंय! मग दारातून आंटी दिसल्या. त्या डोळे मिटून, ओठ हलवत, तेच शेवटचं कडवं पुटपुटत होत्या.

आकाईतीने स्वतःचं भाषण अर्ध्यावर तोडलं आणि गाणं सोडलं. अकरा अठरा.

त्यानंतर ती दारात एकदाही गेली नाही. पडद्यासमोर नखं खात बसली. अकरा अठ्ठावन्नला शेवटचा आकडा थांबला, दोन मिनिटांनी पंखाही थांबला. टेलिफोन बॅटरीवर चालायचा. पापांनी रारोटोंगाला फोन लावला, ऐकलं आणि मान डोलावली. "आलं म्हणतात. शेवटपर्यंत."

ओट्यावर एकच गलका झाला. "आमची हुशार पोर!" म्हणत कोणीतरी तिला उचललंच.

"खाली ठेवा मला," आकाईती म्हणाली. "मी चुकले होते. आठाने भागलं, दहाने भागायचं होतं. गाणं हुकलंच असतं."

"पण गेलं ना?" आंटींनी विचारलं.

"गेलं. भाषण तेवढं टाकून द्यावं लागलं."

मागच्या रांगेतल्या जाड आवाजाच्या गड्याने सुटकेचा मोठा सुस्कारा सोडला. आंटींनी त्याच्याकडे डोळे वटारले, पण हसू त्यांच्याही ओठांवर आलंच होतं.

बावीसपैकी निदान एकाला तरी वाईट वाटलं असेल, म्हणून आकाईतीने सगळे चेहरे नीट पाहिले. दोनदा मोजले. उत्तर शून्यच येत होतं, आणि या खेपेला भागाकारात काही चूक नव्हती.