चिकटपट्टीखाली

टेक्निशियनला ती अहो-जाहो करायची ते डोकं ठिकाणावर असेपर्यंत. त्या सकाळी कंट्रोल रूममध्ये पाऊल टाकल्या टाकल्या ती एकेरीवर आली.

"माझ्या वहिनीला साधं सरळ झोपवता येत नाही तुला? परवा डोस कमी, काल आणखी कमी. लक्ष कुठे असतं तुझं?"

"मॅडम, मी सांगणारच होतो, त्यांची कातडी..."

"कारणं नकोत."

हॉस्पिटलमध्ये किरणांचं मोजमाप तिच्याकडे होतं. मशीन तिने स्वतः तपासलं होतं, त्यात खोट नव्हती. आणि किरणं मोजायचा काचेचा धागा तर तिनेच भांडभांड भांडून आणवला होता. केसासारखा बारीक, टोकाला टर्बियम नावाचा धातू मिसळलेल्या काचेचा कण. किरणं पडली की कण हिरवा चमकायचा, तो उजेड धाग्यातून भिंतीपलीकडे यायचा आणि त्या जागी किती किरणं पोचली ते स्क्रीनवर तिथल्या तिथे दिसायचं. धाग्यावर शंका घेणं तिच्या रक्तातच नव्हतं. मग उरला कोण, तर हा बापडा.

राग नुसता कामाचा नव्हता. आई गेल्यावर वहिनीनेच तिला लहानाचं मोठं केलं होतं. आता वहिनीच्या छातीतली गाठ काढून झाली होती आणि मागे काही उरलं असेल तर ते या किरणांनी जाळायचं होतं. डोस कमी पडला तर दुखणं पुन्हा डोकं वर काढेल, या भीतीने तिला अन्न गोड लागत नव्हतं. भीती वाटली की ती घाबरायची नाही, समोरच्याला फाडून खायची. डॉक्टरांशी बोलणं झालं होतं: आजही आकडा कमी आला, तर उद्यापासून डोस वाढवायचा.

टेक्निशियन आत गेला. त्याची चूक रंगेहाथ पकडायचीच म्हणून ती आज आकड्यांची स्क्रीन सोडून कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर उभी राहिली. त्याने वहिनीला झोपवलं, खुणा जुळवल्या, धागा छातीखाली चिकटवला. सगळं चोख. तो बाहेर आला, जाड दार बंद झालं.

आणि चादरीखालून वहिनीचा हात निघाला. तिने पट्टी हळूच सोडवली आणि धागा जरा बाजूला, किरणं कमी पडतात त्या कडेला चिकटवला.

"थांबा, सुरू करू नका," असं टेक्निशियनला म्हणत ती तरातरा आत गेली. तोवर वहिनीने चादर गळ्यापर्यंत ओढली होती.

"वहिनी, काय चालवलंयस हे? तुझ्यापायी त्या माणसाला मी नाही नाही ते बोलले. उद्यापासून डोस वाढणार होता तुझा. विनाकारण भाजली असतीस."

"भाजलेच आहे," वहिनी छताकडे बघत म्हणाली.

"म्हणजे?"

"रोज त्याच जागी पट्टी, रोज ती सोलायची. कातडं येतं गं पट्टीबरोबर. तुझा धागा म्हणून दात आवळून गप्प राहिले. मग नाही सोसवलं."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

आता वहिनीने मान वळवली. आयुष्यात तिने या नणंदेवर आवाज चढवला नव्हता, तो आज चढला.

"कुठे सांगू? आत येतेस कधी तू? भिंतीआड बसतेस. तुझा भाऊ विचारतो, हिला कसं आहे, तर त्याला आकडा सांगतेस. तुला ताप आला की थर्मामीटर मीही लावायचे. पण आधी कपाळाला हात लावायचे."

तिला उलट बोलायचं होतं. डोसचं गणित, धाग्याची जागा का बदलायची नाही, सगळं जिभेवर होतं. राग अजून अंगात उसळत होता आणि काढायला माणूस उरला नव्हता.

तिने चादर उचलली. छातीखालची कातडी काळवंडली होती आणि मधोमध बरोबर पट्टीच्या आकाराचा लालभडक, ओला चौकोन होता. ती हात पुढे नेणार, तेवढ्यात वहिनीने चादर ओढून घेतली.

"बघून झालं ना? आता त्या टेक्निशियनला बोलाव. त्याचा हात हलका आहे."