पेटीतल्या मडमा

हर्षाने गोलूचा ओला लंगोट खिडकीपाशी नेला आणि उजेडात धरला. डाग कोऱ्या चहासारखा काळसर होता. पोराचे डोळेही हळदीचं बोट लागल्यासारखे दिसत होते.

"आई, पाहा बरं इकडे."

सासूने, आनंदाबाईंनी, नातवाची पापणी ओढून पाहिली आणि मुलाला हाक मारली. "प्रफुल्ल, गाडी काढ. भंडाऱ्याले चाल."

पवनीहून भंडारा येईस्तोवर पोर निपचित झालं होतं. दवाखान्यात रक्त तपासलं, लगेच रक्त चढवायला घेतलं. दुपारी डॉक्टरांनी तिघांना आत बोलावलं.

"याच्या रक्तात जन्मापासून एक कमतरता आहे. एरवी कळतही नाही. पण काही गोष्टी अशा मुलांना विषासारख्या बाधतात. घरात डांबरगोळ्या वापरता?"

हर्षाच्या मांडीवरची पिशवी घसरली.

नागपूरला कपड्यांचं डिझाइन शिकताना तिला एका रद्दीवाल्याकडे पहिलं चित्र मिळालं होतं, शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रेंच फॅशन मासिकातलं. लांब मानेची, सपाट छातीची बाई. साचा ठेवून हाताने भरलेले रंग. मग ती शोधतच राहिली. लग्न होऊन आली तेव्हा तेवीस चित्रं झाली होती. प्रफुल्ल त्यांना मडमा म्हणायचा.

"एवढ्या श्रीमंत बाया, अन् पाठ झाकाले कपडा नोहता का वं?" आनंदाबाईंनी विचारलं होतं. तरी स्वतःच्या लोखंडी पेटीत, साड्या सारून, त्यांनीच मडमांना तळाशी जागा करून दिली होती.

मागच्या महिन्यात एका चित्रातल्या हिरव्या झग्याची कड कसरीने खाल्लेली दिसली. हर्षाने मूठभर गोळ्या चित्रांभोवती पसरल्या. वर गोलूची दुपटी घडी घालून ठेवलेली होती. परवा पावसाची झड लागली, गारठा वाढला, तशी ती दुपटी बाहेर निघाली.

"दिवाळीत मीच टाकल्या जी दोन गोळ्या, साड्यांत," आनंदाबाई म्हणाल्या. "अन् दुपटंही मीच गुंडाळलं लेकराले."

प्रफुल्ल आईकडे वळला. "काहून हात लावते तू सगळ्याले?"

दिवाळीच्या गोळ्या केव्हाच उडून गेल्या होत्या. हर्षाला ते ठाऊक होतं. तिने पिशवी उचलली, तिचे बंद बोटांना गुंडाळले.

"वाचेल ना हो तो?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"दोन दिवस काही सांगता येत नाही. त्या वासाचं काहीही त्याच्याजवळ येऊ देऊ नका."

बाहेर व्हरांड्यातल्या नळावर आनंदाबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले. मग पुन्हा धुतले. नर्सने पोराजवळ एकीने बसा म्हटलं, तशा त्या दारापर्यंत आल्या आणि थबकल्या. ओल्या हाताने त्यांनी पदर हर्षापुढे धरला.

"पाह्य बरं, मले वास येऊन राहिला का अजून?"

हर्षाने वाकून पदर हुंगला. त्याला चुलीच्या धुराचा वास होता, अन् थोडा घामाचा. मागे प्रफुल्ल उभा होता.

"हो," ती म्हणाली. "येऊन राहिला."

आनंदाबाईंनी मान हलवली. पदर अंगाशी घट्ट लपेटून त्या व्हरांड्याच्या पार टोकाच्या बाकावर जाऊन बसल्या.