जुनाच पासवर्ड चालेल

भांडुपच्या वाचनालयाची वेबसाइट प्रितमने कॉलेजात असताना बनवली होती. पुढे लग्नावरून त्याचं वडिलांशी, भाऊरावांशी, वाजलं आणि तो घर सोडून गेला. नंबरही बदलला. त्याची धाकटी बहीण तेजल आता अंधेरीत प्रोग्रामर होती, त्यामुळे साइट नव्या फ्रेमवर्कवर, म्हणजे नव्या तयार सांगाड्यावर, न्यायचं काम तिच्याकडे आलं. जुने पासवर्ड तिथे आपोआप चालणार नव्हते.

"सगळ्यांना ईमेल टाक, नवीन पासवर्ड करा म्हणून," वाचनालयाचे सचिव सहदेवकाका म्हणाले. "कशाला डोक्याला ताप?"

सोपं तेच होतं. पण प्रितमही सभासद होता आणि त्याचा ईमेल कॉलेजचा, केव्हाच बंद पडलेला. मग त्याला आत यायला वाटच उरली नसती.

"जुनेच पासवर्ड चालतील असं करते, काका. वेळ माझा जाईल."

रविवारी ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसली. आई, सुंदराबाई, भाकऱ्या थापत होती.

"त्याचा पासवर्ड दिसतो का गं तुला?"

"नाही. पासवर्ड तसाच ठेवत नाहीत, आई. दळून ठेवतात. पिठाचे परत दाणे होत नाहीत."

"मग तोच आलाय हे कसं कळतं?"

"त्याने टाकलेला पासवर्ड पुन्हा दळायचा. तसंच पीठ पडलं तर तोच."

प्रितमची दळायची पद्धत त्याची स्वतःची होती. पासवर्डच्या मागे सभासद क्रमांक जोडायचा, मग दळायचं. आज ती कच्ची ठरत होती. तेजलने ती फ्रेमवर्कला शिकवली आणि जुनं पीठ भक्कम पद्धतीने आणखी एकदा दळून काढलं. सभासद जुन्या पासवर्डने आत आला, की त्याची नोंद आपोआप निव्वळ नव्या पद्धतीत जाणार होती. भावाचा कोड वाचताना तो शेजारी बसलाय असं वाटत होतं. वाचून संपला तरी ती उठली नाही.

पहिल्या पानावर तिने सूचना लावली: जुन्या सभासदांना जुनाच पासवर्ड चालेल.

एकेक करत नोंदी बदलत गेल्या. प्रितमची तशीच राहिली. ऑफिसात डबा खाताना तेजल ती उघडून बघायची. संध्याकाळी आई नुसती तिच्या तोंडाकडे बघायची.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी ती नोंद बदललेली दिसली. त्याने काही लिहिलं नव्हतं, पुस्तक मागितलं नव्हतं. येऊन गेला होता, एवढंच.

घरी सांगितलं तेव्हा आई ओट्याला टेकली. "कुठून आला?"

"शोधता येईल. पण असं चोरून शोधणं बरं नाही."

"नको शोधूस. येऊ दे त्याचा तो पुन्हा."

बाहेरच्या खोलीतला टीव्ही बंद झाला. भाऊराव दारात येऊन उभे राहिले.

"तिथे काही लिहिता येतं का?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, फक्त त्याला दिसेल असं."

"येतं की. सांगा, मी टाइप करते."

भाऊराव खुर्चीत बसले. सुरुवात कशी करायची, तेच त्यांना सुचत नव्हतं.