जीपला दिलेली धुरी

मी एक जुना रॉकेलचा डबा आहे आणि माणसांवर माझा राग आहे. आधीच सांगून टाकतो मित्रांनो, मागाहून तक्रार नको.

रॉकेल संपल्यावर मी बीबी गावात सहदेव ड्रायव्हरच्या घरी पाणी तापवायला आलो. सहदेव नारायणरावांची जीप चालवायचा. लोणारच्या बाजाराला माणसं न्यायची आणि परत आणायची, हे त्याचं काम. तो बौद्ध झालेल्या घरातला. त्याच्या हाती स्टिअरिंग पाहून गावातल्या काहींच्या पोटात आधीपासूनच दुखत होतं. त्यात थंडी पडली. जीपचे ताडपत्रीचे पडदे खाली आले आणि मागच्या फळीवर बसणाऱ्यांना गरगरायला लागलं. ओकाऱ्या झाल्या. मनकर्णाबाई नावाची म्हातारी तर बेशुद्धच पडली.

झालं! गाव सहदेवच्या दारात. नारायणराव सगळ्यांत पुढे.

"दारू पिऊन गाडी हाकतं काय बे?"

ज्याने जन्मात थेंब घेतला नाही, तो म्हणे दारुडा! काय ही माणसं!

"मालक, धुराचा पाइप कुठंतरी फुटला असन. त्याचीच हवा आत येऊन राह्यली," सहदेव म्हणाला.

"उद्या सकाळी दाखव मंग. तोवर चावी माह्यापाशी. नाही दाखवलं तं जिल्ह्यात कोनी तुले गाडीले हात लावू देनार नाही."

सहदेव गाडीखाली शिरला, पण पाइपाच्या वरच्या अंगाला नजर पोचेना. तेव्हा त्याची बायको गोजरबाई म्हणाली, "वावरात उंदराच्या बिळाले धुरी देता ना? एक तोंड बुजवलं का धूर दुसऱ्या तोंडातून निंघते. तशीच द्या गाडीले."

मग माझी पाळी. मला विचारलं कुणी? खिळ्याने दोन भोकं पाडली. एकात सायकलचा पंप खुपसला, दुसऱ्यात लोखंडी नळी, आणि फटी चुलीच्या मातीने लिंपल्या. सकाळी पोटात गोवऱ्यांचा विस्तव आणि ओला कडुनिंब भरला. गोजरबाईचा हात उंदरांच्या धुरीला सरावलेला. सवयीने तिने मूठभर लाल मिरच्याही टाकल्या. माझा नुसता जीव गेला हो!

सहदेवने माझी नळी जीपच्या धुराच्या पाइपात घातली आणि भोवती ओलं गोणपाट कोंबलं. सगळं गाव जमलेलं. नारायणराव मुद्दाम मागच्या फळीवर जाऊन बसले.

"काढ तुहा धूर. मी इथून हालत नाही."

सहदेव पंप मारत राहिला. धूर दिसेना. लोक फिदीफिदी हसू लागले. गोजरबाईने डोळ्याला पदर लावला.

आणि फळीखालून धुराची रेघ वर आली. आधी नारायणराव शिंकले, मग खोकले, मग "मेलो रे!" म्हणत खाली उडी मारली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. सहदेवने फळी उचलली. तिचा लांबलचक बोल्ट पत्र्यातून आरपार खालच्या पाइपात घुसला होता.

"हे फळी कोनं बसवली?" मनकर्णाबाईने विचारलं.

आणखी दोन माणसं कोंबता यावीत म्हणून दिवाळीनंतर नारायणरावांनीच ती स्वतःच्या हाताने ठोकली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. नारायणरावांनी राग काढला तो माझ्यावर. अशी लाथ घातली, की कुशीत हा एवढा पोचा!

"बरं, झालं ते झालं. धर चावी," ते म्हणाले.

सहदेवने हात पुढे केला नाही. "आधी या मायची माफी मांगा. मंग माही."

नारायणराव मान खाली घालून काहीतरी पुटपुटले.

"आयकू नाही आलं मले," मनकर्णाबाई म्हणाली.

मग ते मोठ्याने बोलले, गावाच्या कानावर जाईल असं. दोनदा. तेव्हाच सहदेवने चावी घेतली.

मित्रांनो, माणसावर बोट दाखवण्याआधी गाडीखाली वाकून पाहत जा. आणि ज्या डब्याने तुमचा जीव वाचवला, त्याला निदान पुसून ठेवा. मी अजून गोठ्यामागे गंजतो आहे. माझी माफी आजवर कुणीच मागितलेली नाही.