लोट्याची कावीळ

"देखो भिया, देखो! पीलिया कैसा उतर रिया है!"

परदेशीपुऱ्यातल्या पिंपळाखाली दोनशे माणसं टाचा उंचावून उभी होती. मधे पितळी परात, तिच्यात नितळ पाणी. मानपुरहून आलेले महाराज कावीळ झालेल्याच्या तळहातांवर भभूत, म्हणजे अंगारा, चोळत, काहीतरी पुटपुटत, आणि हात पाण्यात बुडवत. पाणी हळूहळू पिवळं होई, सरसोंच्या फुलासारखं. बायका हात जोडत.

"सात मंगळवार, सात परात! आठव्याला पीलिया सीधा बेटमा गाँव के पार! और हाँ, बीच में डॉक्टर की सुई लगी, तो मेरी विद्या गई!"

कापडगिरणी बंद होऊन वर्ष होत आलं होतं. भोंगा थांबला, कापड विणणारे साचे थांबले, कामगारांचा दवाखानाही थांबला. ही परात तेवढी उघडी होती.

परातीपुढे बसले होते कचरूजी, हयातभर साच्यावर उभा राहिलेला माणूस. डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे. पाठीशी त्यांची मुलगी संबोधी, माझी एम. एस्सी. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, वर्गात पहिली. दोन आठवडे प्रॅक्टिकलला आली नाही, म्हणून मी शोधत आले होते.

"हे काय गं?"

"मॅडम, तिसरी परात आहे. मी स्वतः बघितलं, पाणी पिवळं होतं."

"आणि तुझे आबा? जेवतात?"

"नाही. आता तर उठवत पण नाही त्यांना."

माझं डोकं भणभणलं. पाच वर्षं शिकवतेय या पोरीला! प्रयोगशाळेत कुठलाही रंग आला, की तोच प्रयोग नमुना न घालता एकदा करायचा, म्हणजे रंग नक्की कशाचा ते कळतं. त्याला आम्ही 'ब्लँक' म्हणतो. आणि दरवर्षी सगळी पोरं ब्लँकचा आकडा वरच्या वर्गाच्या जर्नलमधून उतरवतात. "त्यात काय बघायचं मॅडम, टाइमच जातो." लाल शाई संपवली मी त्यावर.

"ब्लँक केलंस?" मी विचारलं.

"इथे?"

"इथेच. ज्याला कावीळ नाही, त्याचे हात."

ती कानापर्यंत लाल झाली. मग सरळ पुढे गेली.

"महाराजजी, मेरे हाथ धुलवाओ."

"तेरे को क्या हुआ, बेटी?"

"कुछ नहीं हुआ. इसीलिए."

गर्दी हसली. कुणीतरी ओरडलं, "करो ना महाराज, डर काहे का?" महाराजांनी नाइलाजाने दुसऱ्या परातीत ताजं पाणी ओतलं, तिच्या हातांना भभूत लावली. पाणी पिवळं!

"देखा? इसके भी अंदर छुपा था!"

संबोधीने चिमूटभर भभूत महाराजांच्याच लोट्याला चोळली आणि लोटा ताज्या पाण्याच्या आणखी एका परातीत बुडवला. पाणी पुन्हा पिवळं.

"और लोटे को, महाराजजी? इसको कब से है?"

हशा उसळला. मी कोपऱ्यावरच्या उसाच्या रसवाल्याकडून एक नळी आणली, महाराजांचं नितळ पाणी पेल्यात घेतलं आणि फुंकत राहिले. पाणी दुधासारखं झालं.

"श्वासाने दुधाळ झाली, म्हणजे चुन्याची निवळी आहे ही," मी म्हटलं. "आणि भभूतीत आंब्याच्या झाडाच्या सालीची पूड, जुनीच युक्ती. दोन्ही भेटले की पिवळं. हात कुणाचेही असोत."

महाराज पराती गोळा करू लागले. तरी चार माणसं बसूनच राहिली. त्यांतल्या भीमाबाईंच्या खांद्यावर पिवळी पडलेली सून रेलली होती.

"रंग खोटा, समजलं बाई," त्या म्हणाल्या. "पण आमचा दवाखाना तर बंद पडला. खरा डॉक्टर बसतो कुठे?"

याचं उत्तर मला आधीच, न विचारता द्यायला हवं होतं. आम्ही टेम्पो थांबवला. कचरूजी, संबोधी, भीमाबाई, सून, सगळे एम. वाय. या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गेलो.

डॉक्टरांनी कचरूजींचं पोट दाबून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "यकृत सुजलंय. आठवडाभर काही सांगता येणार नाही."

ते दोन आठवडे आता कुणी परत देणार नाही. तुमच्या घरात कुणाला कावीळ झाली असेल तर ती रक्तात आहे, तळहातात नाही. पाणी कितीही पिवळं होऊ दे. माणसाला आजच दवाखान्यात न्या, रक्त तपासा. आणि दवाखाना कुठे आहे ते ठाऊक असेल, तर शेजाऱ्यालाही सांगा.