परसातला बांध

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे आकाराम, गडमुडशिंगीचं रान धाकट्या दिरांवर सोपवून कोल्हापुरात आमच्याकडे राहायला आले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी परसात फावडं घातलं. जागा केवढी, तर दोन खाटा टाकल्या की संपली. पण इथली हवा अशी, की लावाल ते येतं, आणि म्हणूनच काय लावायचं ते ठरेना. मामंजींना वांगी-मिरची हवी होती. आत्याबाईंना, माझ्या सासूबाईंना, मोगरा आणि निशिगंध. फुलं काय भाकरीसंगट खायची, असं मामंजींनी विचारल्यावर आत्याबाईंनी सरळ वाटणीच मागितली.

वाटणी झाली. मधोमध वीतभर रुंदीचा बांध पडला. मला हसू आवरत नव्हतं, पण ती दोघं कमालीची गंभीर होती.

आता मामंजींचा हात पडला शेतकऱ्याचा. रोज सकाळी जमीन भुसभुशीत करायच्या निमित्तानं ते आपल्या बाजूनं बांध जरासा कोरत आणि ती माती पलीकडच्या अंगाला लावत. आठवड्यात बांध चार बोटं आत्याबाईंच्या हद्दीत गेला. सवय हो, दुसरं काय.

रविवारी आत्याबाईंनी त्यांना खुरप्यासकट पकडलं. मला वाटलं, आता गल्ली गोळा होणार. पण त्या पायरीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "सगळाच न्या की बांध. पर चाळीस वर्सं तुमच्या रानात तण भांगलून माझं गुडघं गेलं. तितं काय लावायचं, एकदा तरी मला इचारलासा व्हय?"

भावकीशी भांडताना ज्यांचा आवाज शिवेपर्यंत जायचा, त्या मामंजींनी खुरपं अलगद बांधावर ठेवलं. मला त्यांचा राग आला आणि माझी लाजही वाटली. मी तरी आत्याबाईंना कधी काय विचारलं होतं?

दुपारी मामंजींनी बांध मोडून जमीन सपाट केली. हातपाय धुऊन आत्याबाईंसमोर आले.

"बरं, सांग. सगळ्या परसात काय लावू?"

आत्याबाईंनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली, निवांत प्याल्या. मी मोगऱ्याची वाट बघत होते.

"चाळीस वर्सांनी इचारतायसा. मग जरा दम धरा की. इचार करून सांगते."

आज बारावा दिवस. परस मोकळं पडलंय. मामंजी रोज सकाळी विचारतात आणि आत्याबाई रोज तितक्याच खुशीत 'बघू' म्हणतात.