बाद केलेल्या चार ओळी

मित्रांनो, मी एक जुनी तपासणी आहे, पेशंटची नव्हे, फॉर्मची; अवघ्या चार ओळींची. एका दवाखान्याच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये मी राहते.

मला एका बाईंनी लिहिले. नोंदणीच्या फॉर्मवर ‘औषधाची ॲलर्जी’ यापुढे ‘आहे’ आणि ‘नाही’ असे दोन गोल होते. घाईत कारकुनाने एकाही गोलावर क्लिक केले नाही, तर ते उत्तर माझ्याकडे रिकामे येत नसे, येतच नसे. यादीतला तो खणच गायब. मग मी पेशंटचा कागद छापू देत नसे आणि पडद्यावर लिहीत असे, ‘पेशंटला विचारा.’ नऊ वर्षे हेच केले. कारकून मला कटकट म्हणायचे. सिस्टर मात्र म्हणायच्या, “असू दे, विचारायला काय जातंय?” तेवढ्यावर मी खूश होते.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि प्रोग्रॅम सांभाळायला त्यांच्या जागी नवे साहेब आले. मला बघून ते हसले. “एवढ्याशा कामाला चार ओळी? एका ओळीत होतंय की हे.” माझ्यापुढे तिरप्या रेघा मारून त्यांनी मला बंद केले, म्हणजे कॉम्प्युटर मला वगळूनच पुढे जाऊ लागला, आणि खाली नव्या ओळीत दोन प्रश्नचिन्हे बसवली. त्यांचा अर्थ एवढाच: खण असेल तर त्यातले उत्तर घ्यायचे, नसेल तर ‘नाही’ धरायचे. सगळ्यांनी वाहवा केली. प्रश्नचिन्हांवर माझा राग नाही, ती बिचारी सांगितले तेवढेच करतात. ‘नाही’ हा शब्द साहेबांचा होता.

एके सकाळी एक म्हातारे शिंपी तापाने फणफणत आले. कारकुनाने गोल तसेच सोडले. कागदावर ठळक छापून आले, ‘औषधाची ॲलर्जी: नाही’. सिस्टरांनी ते वाचून इंजेक्शन दिले. शिंपीकाकांचा घसा सुजला, श्वास कोंडला. ते वाचले, पण थोडक्यात.

चौकशी झाली. “विचारलं का नाहीत?” डॉक्टर सिस्टरांना म्हणाले.

“कागदावर ‘नाही’ होतं, सर.”

“मला कुणी विचारलंच नाही,” शिंपीकाका म्हणाले.

साहेब तिथेच बसले होते, मूग गिळून. सिस्टरांना कामावरून काढले.

त्याच दुपारी साहेबांनी मला उघडले. चारही ओळी सावकाश वाचल्या, पुढच्या रेघा पुसल्या, प्रश्नचिन्हे काढली आणि कुणाला काही न सांगता घरी गेले. मी पुन्हा कामाला लागले. मला त्याचा आनंद झाला नाही.

मित्रांनो, जे माहीत नाही तिथे ‘नाही’ लिहू नका. आणि चूक दुरुस्त कराल, तेव्हा ती आपली होती हेही मोठ्याने सांगा. सिस्टर अजून घरीच आहेत.